रजा कोणाची, भार कोणावर?

फेब्रुवारी उजाडला की केंद्र सरकारच्या बहुतेक कार्यालयांत दोन गोष्टी एकाच वेळी दारात येऊन उभ्या राहतात : मार्चअखेर आणि दहावी-बारावीच्या परीक्षा. पहिलीमुळे देयके काढण्याची, अखर्चित अनुदान परत करण्याची, खर्चाचा सुधारित अंदाजाशी मेळ घालण्याची घाई सुरू होते. दुसरीमुळे माझ्यासारख्या अधिकाऱ्याच्या टेबलावर बालसंगोपन रजेचे अर्ज येऊ लागतात. गेली अनेक वर्षे मी हे अर्ज मंजूर करीत आलो आहे आणि त्यांतला एखादा मंजूर केल्याबद्दल मला कधी पश्चात्ताप झालेला नाही. पश्चात्ताप झाला तो एका वेगळ्याच अर्जाबद्दल. त्या अर्जात मुलाबाळांचा उल्लेखही नव्हता.

पूर्वेकडील एका राज्याच्या राजधानीत माझी तेव्हा नेमणूक होती. कार्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही; असे कार्यालय कोणत्याही राजधानीत सापडेल. लेखा शाखेत मंजूर पदे आठ होती आणि प्रत्यक्ष माणसे पाच. त्या पाचांपैकी दोघींची मुले त्या वर्षी परीक्षेला बसणार होती. एकीचा मुलगा बारावीला, दुसरीची मुलगी दहावीला. एकीने पंचेचाळीस दिवसांची आणि दुसरीने तीस दिवसांची रजा मागितली. मी दोन्ही अर्ज मंजूर केले. त्यानंतर चार दिवसांनी शाखेतल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंचा अर्ज आला. त्या अविवाहित होत्या, निवृत्तीला दोन वर्षे उरली होती, आणि घरी वृद्ध आई होती. कार्यालयात शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळे त्यांना दीदी म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. आई न्हाणीघरात घसरून पडली होती, खुब्याचे हाड मोडले होते, शस्त्रक्रिया ठरली होती. वीस दिवसांची अर्जित रजा हवी होती. त्यांच्या खाती अर्जित रजेचे पूर्ण ३०० दिवस जमा होते.

मी शेरा लिहिला : मार्चअखेरचे काम लक्षात घेता तूर्त पाच दिवस मंजूर, उर्वरित रजेचा विचार १ एप्रिलनंतर व्हावा.

सहाव्या दिवशी दीदी देयकांचा गठ्ठा घेऊन सहीसाठी आल्या. सह्या होईपर्यंत उभ्या राहिल्या, कागद उचलले, आणि दारापाशी थांबून म्हणाल्या, ‘‘सर, एक विचारते, राग मानू नका. त्यांच्या रजेला नाव आहे. माझ्या रजेला नाव नाही, म्हणून ती थांबू शकते, असेच ना?’’ आवाजात तक्रार नव्हती. हिशेबातली एखादी नोंद कळली नाही म्हणून विचारावे तसा तो प्रश्न होता. मी कार्यालयीन निकड, जनहित वगैरे काहीतरी बोललो. त्या ‘‘बरं’’ म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. त्या महिन्यात त्या रोज रात्री आठ-साडेआठपर्यंत थांबत. घरी आईजवळ रोजंदारीवर ठेवलेली एक बाई असे.

आचरण नियमांची मर्यादा सांभाळून सांगायचे तर पुढे लिहिले आहे ते माझे व्यक्तिगत मत आहे, खात्याचे नव्हे. एवढे एकदा म्हटले की पुढे जायला हरकत नाही.

ज्या वाचकांचा सरकारी नियमांशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी दिली पाहिजे. सहाव्या केंद्रीय वेतन आयोगाच्या पाठोपाठ १ सप्टेंबर २००८ पासून केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांची प्रसूती रजा १३५ दिवसांवरून १८० दिवसांवर गेली, आणि त्याच दिवसापासून बालसंगोपन रजा ही नवी रजा अस्तित्वात आली. अठरा वर्षांखालील दोन मुलांसाठी संपूर्ण सेवेत मिळून ७३० दिवस, म्हणजे सरळ दोन वर्षे, पूर्ण पगारी. आरंभी, नोव्हेंबर २००८ मध्ये, अशी अट घातली गेली की खाती अर्जित रजा शिल्लक असेल तोवर ही रजा मिळणार नाही. सप्टेंबर २०१० मध्ये ती अट काढून टाकण्यात आली आणि वर्षातून जास्तीत जास्त तीन वेळा, असे बंधन आले. सातव्या आयोगानंतर, डिसेंबर २०१८ मधील दुरुस्तीने, पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण पगार आणि नंतरच्या ३६५ दिवसांना ८० टक्के पगार असा बदल झाला. शिवाय अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित अशा एकट्या पित्यालाही ही रजा खुली झाली. महाराष्ट्र शासनानेही २०१८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा आणली, हे गावाकडच्या नातेवाइकांकडून अनेकांनी ऐकले असेल.

न्यायालयांनीही या रजेच्या बाजूने कौल दिला आहे. अंदमान-निकोबार प्रशासनातील एका महिला कर्मचाऱ्याने मुलगा दहावीत असताना २०११ मध्ये सहा महिन्यांची रजा मागितली होती. वरिष्ठांनी पंचेचाळीस दिवस दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले की ७३० दिवसांची ही रजा सलगही घेता येते. पुढे एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका सरकारी महाविद्यालयातील अध्यापिकेच्या प्रकरणात (तिच्या मुलाला हाडे ठिसूळ होण्याचा जन्मजात आजार होता) त्याच न्यायालयाने म्हटले की स्त्रियांचा नोकरीतील सहभाग ही मेहेरबानी नव्हे, तो त्यांचा घटनात्मक हक्क आहे, आणि बालसंगोपन रजा त्या हक्काशी जोडलेली आहे.

या रजेबद्दल माझे मत स्वच्छ आहे. ती आवश्यक होती, तिला उशीर झाला, आणि ती कमी करण्याच्या सूचनांना माझा विरोध आहे. घरापासून दूर नोकरी करणाऱ्या कुटुंबांना तिचे मोल अधिक कळते. पुण्या-नाशकात आई नोकरीला गेली तर आजी असते, मावशी असते, वाड्यातल्या किंवा सोसायटीतल्या एखाद्या काकू असतात. गुवाहाटीच्या किंवा भुवनेश्वरच्या सरकारी वसाहतीत शेजारी दर तीन वर्षांनी बदलतो. तिथे मूल तापाने फणफणले तर आईकडे रजा आणि देवाचे नाव याखेरीज फारसे काही नसते. ही रजा नव्हती त्या काळात किती जणींनी बिनपगारी रजा काढली, किती जणींनी बढती नाकारली, आणि किती जणींनी नोकरीच सोडली, हे माझ्या पिढीच्या अधिकाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी आणखी एक पायरी पुढे जाईन. मुले वाढवणे हा आईबापांचा खासगी छंद आहे, त्याचा खर्च बाकीच्यांनी का सोसावा, असा युक्तिवाद कधी कधी कानावर येतो. तो टिकण्यासारखा नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ नॅन्सी फोल्बर यांनी १९९४ मध्ये एका छोट्या निबंधात मुलांकडे सार्वजनिक वस्तू म्हणून पाहण्याचा विचार मांडला होता : मुलांना वाढवण्याचा खर्च मुख्यतः आईबाप सोसतात, पण ती मोठी झाली की त्यांच्या श्रमाचा आणि करांचा लाभ सगळ्या समाजाला मिळतो. याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. १ जानेवारी २००४ पूर्वी रुजू झालेल्या आमच्यासारख्यांचे निवृत्तिवेतन कोणत्याही साठवलेल्या निधीतून येत नाही. त्या त्या वर्षीच्या महसुलातून येते. म्हणजे मी ऐंशी वर्षांचा होईन तेव्हा माझे निवृत्तिवेतन आज दहावीला बसलेली मुले भरणार आहेत. ते दीदींचेही तीच मुले भरणार आहेत. त्या मुलांच्या आईला आज काही सवलत मिळाली तर ती मूल नसलेल्यांवर केलेली सक्ती नव्हे. ते एक देणे आहे आणि ते समाजाने फेडायचे आहे.

माझ्या मते सगळा घोटाळा ‘समाजाने’ या शब्दापाशी होतो. सरकारने रजा दिली, रजेचा पगार दिला. पण रजेवर गेलेल्या व्यक्तीचे काम करायला माणूस दिला नाही. पाच जणांच्या शाखेतल्या दोघी गेल्या की उरलेल्या तिघांना पाच जणांचे काम करावे लागते. समाजाचे देणे अशा रीतीने शेजारच्या टेबलाच्या नावावर खर्ची पडते, आणि त्या टेबलावर कोण बसले आहे याची कोणी चौकशी करीत नाही. दुसऱ्या वर्षाच्या रजेतली वीस टक्के पगारकपात पाहा. आईच्या पगारातून कापलेली ती रक्कम सरकारी तिजोरीतच राहते; ज्याने तिचे काम ओढले त्याच्यापर्यंत त्यातला रुपयाही पोचत नाही. आईचेही नुकसान, सहकाऱ्याचेही नुकसान, आणि बचत तेवढी सरकारची, असा हा व्यवहार आहे.

खासगी क्षेत्रात हेच दुसऱ्या वेषात दिसते. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली; २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत जे येत नाहीत त्यांच्याबाबतीत या रजेचा सगळा खर्च मालकावर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात मुद्दाम म्हटले आहे की हा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून व्हावा, एकट्या मालकावर तो लादू नये. कारण तसा लादला की मालक स्त्रियांना नोकरीवर घेण्यातच काचकूच करू लागतो. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. तिथे भार मालकाच्या गळ्यात पडतो, आमच्याकडे शेजारच्या टेबलाच्या.

माझ्या शेऱ्याकडे परत येतो. नियमाप्रमाणे कोणतीही रजा हक्क म्हणून मागता येत नाही. १९७२ च्या रजा नियमांतला सातवा नियम तसे स्पष्ट सांगतो आणि बालसंगोपन रजाही त्याला अपवाद नाही. कागदावर तीनही अर्ज सारखेच होते. मग मी दोन पूर्ण मंजूर केले आणि तिसरा चतुर्थांश, हे कसे झाले? प्रामाणिक उत्तर असे की बालसंगोपन रजा नाकारली तर कागद परत येतो. तक्रार होते, वरून विचारणा होते, न्यायालयाचे निवाडे दाखवले जातात. अर्जित रजा नाकारली तर काहीही परत येत नाही. रजा मंजूर करणारा अधिकारी न्यायाच्या दिशेने जातो असे आपण समजतो. पुष्कळदा तो जिथे प्रतिकार कमी तिथे जातो. दीदींच्या बाजूने कोणतेही परिपत्रक नव्हते. त्यांच्या जवळ ३०० दिवस होते आणि चांगला स्वभाव होता, आणि या दोन्हींचा उपयोग आम्हीच करून घेतला.

त्या ३०० दिवसांबद्दलही सांगतो, कारण बाहेरच्यांना ही गंमत ठाऊक नसते. दर १ जानेवारीला आणि १ जुलैला कर्मचाऱ्याच्या खाती पंधरा-पंधरा दिवसांची अर्जित रजा जमा होते. साठा ३०० पर्यंतच राहतो. त्यावरची रजा त्या सहामाहीत वापरली नाही तर बुडते. निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतच्या रजेचे रोखीकरण होते, म्हणजे सुमारे दहा महिन्यांचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता. २०१० नंतर बालसंगोपन रजेसाठी अर्जित रजेला हात लावावा लागत नाही. त्यामुळे दोन मुलांची आई दोन वर्षे रजेवर राहून शेवटी ३०० दिवसांचे पैसे घेऊ शकते, ते योग्यच आहे; दीदीही ३०० दिवसांचेच पैसे घेणार. फरक एवढाच की दीदींचा साठा निवृत्तीच्या दहा-अकरा वर्षे आधीच भरला होता आणि त्यानंतर दरवर्षी वीस-बावीस दिवस बुडत होते. मी एकदा त्यांचे सेवापुस्तक मागवून बेरीज केली. दोनशे चाळीसच्या आसपास दिवस भरले. त्या दिवसांत त्या कुठेही गेलेल्या नव्हत्या. कार्यालयात बसून कोणाचे ना कोणाचे काम करीत होत्या.

आता एक गोष्ट अशी, की जिच्याकडे मीही बरेच दिवस पाहिले नव्हते. त्या दोन परीक्षार्थींना वडील होते. दोघेही सरकारी नोकर. एकाचे कार्यालय तर आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होते. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे काम सुरळीत चालले होते. तिथे ना कोणी रजा मागितली, ना कोणाला कोणाचे काम करावे लागले. पत्नी हयात असलेल्या पित्याला नियम पितृत्व रजेचे पंधरा दिवस देतो, तेही मूल जन्मते तेव्हा. पुढच्या अठरा वर्षांसाठी त्याच्या नावे काही नाही. परिणामी मूल दोघांचे असले तरी त्याचा सगळा भार आईच्या कार्यालयावर येतो, आणि ज्या शाखेत स्त्रिया जास्त तिथे तो साचत जातो. मग भांडण दिसते ते आई असलेली स्त्री आणि आई नसलेली स्त्री यांच्यातले. लोक म्हणतात, बायकांचे बायकांशी पटत नाही. वडील या सगळ्यातून अलगद बाजूला राहतात.

मी स्वतः असाच एक वडील आहे, त्यामुळे हे लिहिताना हात थोडा आखडतो. २०१३ च्या उन्हाळ्यात ईशान्येकडील एका डोंगराळ राज्यात माझी बदली झाली होती. मुलगी बारावीला जाणार होती. मी अर्ज केला, मुलीच्या शिक्षणाचे कारण दिले, आणि बदली वर्षभर पुढे ढकलली गेली. सरकार याबाबतीत खरोखरच सहृदय आहे. बदल्या शक्यतो शैक्षणिक वर्ष संपल्यावर काढतात, पती-पत्नीची नेमणूक एका ठिकाणी व्हावी म्हणून परिपत्रके आहेत, अपंग मुलाचा सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्याला नियमित बदल्यांतून सूट देणारा २०१४ चा आदेश आहे. पण पद रिकामे ठेवता येत नव्हते. माझ्या जागी एक सहकारी गेला. तो केरळचा, अविवाहित. ‘‘त्याचे काय, बॅग उचलली की निघाला,’’ असे कोणीतरी म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो, तोही हसला. त्याचे वडील त्रिचूरजवळच्या एका गावात एकटे राहत. त्यांच्या अखेरच्या आजारात तो तिथून दोनदा घरी गेला, आणि दर खेपेला दहा दिवसांच्या रजेतले चार दिवस प्रवासात गेले. पुढच्या वर्षी मी माझ्या ठरलेल्या पाळीने गेलो खरा, पण दुसऱ्या एका राज्यात, आणि विमानतळापासून दोन तासांवर. आमची अजून मैत्री आहे. त्या बदलीचा विषय त्याने कधी काढला नाही, आणि मीही काढलेला नाही.

असो. विषयांतर नाही हे, पण मुद्द्यावर येतो.

रजेवर गेलेल्याच्या जागी माणूस देणे सरकारला जमत नाही असे नाही. भारतीय प्रशासन सेवेच्या संवर्गाची संख्या ठरवताना वरिष्ठ पदांच्या १६.५ टक्के जागा रजा आणि कनिष्ठ पदे यांच्यासाठी राखीव म्हणून धरल्या जातात. प्रशिक्षणासाठी वेगळ्या ३.५ टक्के. माणसे रजेवर जाणार, प्रशिक्षणाला जाणार, हे तिथे आधीच गृहीत धरलेले असते. रेल्वेत स्टेशनमास्तरांच्या, पॉइंट्समनच्या संवर्गात रजा-राखीव पदे पूर्वापार आहेत, कारण स्टेशनमास्तर रजेवर आहे म्हणून गाडी थांबवता येत नाही. थोडक्यात, जिथे काम थांबले तर सर्वांना दिसते, तिथे राखीव माणूस आहे. लेखा शाखेतल्या कारकुनाचे काम थांबत नाही. ते दुसऱ्या कारकुनाच्या अंगावर जाते आणि म्हणून दिसत नाही. त्यात रिक्त पदांची भर. १ मार्च २०२१ च्या स्थितीनुसार केंद्र सरकारच्या सुमारे चाळीस लाख मंजूर पदांपैकी ९ लाख ७९ हजार पदे रिक्त होती, अशी माहिती संसदेत दिली गेली होती. चौथा हिस्सा जागा रिकाम्या असताना रजेसाठी राखीव माणसे कुठून आणायची, असा प्रश्न कोणी विचारील. मी उलट विचारीन : चौथा हिस्सा जागा रिकाम्या असताना नवी रजा कोणाच्या बळावर जाहीर केली गेली?

बालसंगोपन रजेची मागणी तर आधीच कळू शकते. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकात कुटुंबाचा तपशील असतो. मुलांच्या जन्मतारखा त्यात असतात. कोणत्या वर्षी कोणाचे मूल दहावीत असेल आणि कोणाचे बारावीत, हे पाच वर्षे आधी सांगायला संख्याशास्त्रज्ञाची गरज नाही. आस्थापना शाखेतला कोणताही कारकून एका दुपारी तक्ता करून देईल. तरीही दर फेब्रुवारीत हे अर्ज आले की आम्ही आकाशातून वीज पडल्यासारखे वागतो. तक्ता असेल तर दुसऱ्या शाखेतला माणूस डिसेंबरमध्येच मागून घेता येतो, त्याला काम शिकवता येते, निवृत्त कर्मचाऱ्याला तीन महिन्यांसाठी बोलावता येते. माझ्या अधिकारात नवी पदे निर्माण करणे नाही, पण एवढे नक्कीच होते. ते मी केले नव्हते.

आणि मग नाव नसलेल्या रजेचा प्रश्न. वृद्ध आईवडिलांच्या सेवेसाठी वेगळी रजा असावी, अशी मागणी संसदेत आणि बाहेर होत असते. जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत सरकारने उत्तर दिले की कर्मचाऱ्यांना वर्षाला ३० दिवस अर्जित, २० दिवस अर्धवेतनी, ८ दिवस किरकोळ आणि २ दिवस ऐच्छिक रजा मिळते, आणि ती आईवडिलांच्या देखभालीसह कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी वापरता येते. उत्तर नियमाला धरून आहे. फक्त त्या ३० दिवसांचे मार्चमध्ये काय होते, ते मी वर सांगितले. आसाम सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये आईवडिलांबरोबर किंवा सासूसासऱ्यांबरोबर वेळ घालवण्यासाठी दोन दिवसांची खास रजा दिली होती. हेतू चांगला, पण मोडलेले हाड दोन दिवसांत सांधत नाही.

तरीसुद्धा आणखी एक नामांकित रजा निर्माण करणे हाच उपाय, असे मला वाटत नाही. आज आईवडिलांच्या रजेला नाव मिळेल, उद्या बहिणीच्या आजारपणाला हवे असेल, परवा ज्याला कोणीच नाही त्याच्या स्वतःच्या थकव्याला. दर वेळी नाव असलेला बिननावाच्या पुढे जाईल आणि रांगेच्या शेवटी कोणीतरी एकटे माणूस उभे राहील. मुलांच्या रजेला स्वतंत्र दिवस असावेत, कारण ते देणे समाजाचे आहे. पण कोणत्या महिन्यात कोण कार्यालयात थांबणार, हे ठरवताना रजेचे नाव पाहू नये, निकड पाहावी. बारावीच्या परीक्षेची तारीख सहा महिने आधी अंदाजाने कळते. आई न्हाणीघरात कधी पडणार हे कळत नाही. हा साधा भेद माझ्या शेऱ्यात नव्हता. ज्यांनी इतरांच्या रजेत काम केले त्यांची बुडालेली रजा तरी ३०० च्या मर्यादेबाहेर धरून पुढे वापरू द्यावी, एवढे नियमात बसवणे अवघड नाही. आणि पित्यांनाही या रजेत वाटा द्यावा. मग दुसऱ्या मजल्यालाही फेब्रुवारी कळेल.

पुढच्या वर्षी मी त्याच कार्यालयात होतो. डिसेंबरमध्ये तक्ता केला. तीन नावे निघाली. शेजारच्या शाखेतून एक मुलगा मागून घेतला आणि एका निवृत्त लेखापालांना अडीच महिन्यांसाठी बोलावले. तिघींनाही रजा मिळाली, एकीला मात्र सात दिवस अलीकडे यावे लागले आणि ती माझ्यावर थोडी नाराज होती. दीदींनी फेब्रुवारीच्या अखेरीस बारा दिवस मागितले. अर्जात कारणाच्या जागी ‘घरगुती’ एवढेच होते. मी कारण विचारले नाही आणि बाराच्या बारा दिवस दिले. आई तोपर्यंत काठी घेऊन चालू लागली होती, पण एक पाय आखूड पडला होता.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी रजा रोखीकरणाच्या आदेशावर मीच सही केली. त्यावर ३०० दिवस असे लिहिले आहे. निरोपाच्या कार्यक्रमाला दीदींनी आईला आणले होते. माझी ओळख करून देताना त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘आई, हे आमचे साहेब.’’ म्हातारीने हात जोडले.